कोनदुभाजक समोरच्या बाजूचे दोन सारखे भाग का करत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही लिहिलंय की कोनदुभाजकाचं प्रमेय (दुभाजक समोरच्या बाजूचे उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तरात भाग करतो) पाठ आहे, सिद्धताही लिहिता येते, पण 'कोनाचे दोन सारखे भाग झाले तर समोरच्या बाजूचेही सारखेच व्हायला हवेत' असं मन म्हणत राहतं. दुसरं म्हणजे मध्यगा, लंबदुभाजक आणि कोनदुभाजक एकाच उदाहरणात आले की कोणता गुणधर्म कुठे लावायचा ते सुचत नाही. आणि जाता जाता विचारलंय, त्रिकोणाचे दोन कोनदुभाजक सारख्या लांबीचे असतील तर तो समद्विभुज असतोच का?

या तिन्ही अडचणींचं मूळ मला एकच दिसतं. कोनदुभाजकाची आपली ओळख 'कोनाचे दोन सारखे भाग करणारा किरण' एवढ्यावरच थांबलेली असते. व्याख्या म्हणून ते बरोबरच आहे, पण उदाहरण सोडवताना आपल्याला बहुतेक वेळा लांबी हवी असते, आणि या व्याख्येत लांबीबद्दल चकार शब्द नाही. लांबीशी नातं जोडणारा गुणधर्म वेगळा आहे: कोनदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून समदूर असतो. उलटंही खरं: कोनाच्या अंतर्भागातला जो बिंदू दोन्ही भुजांपासून समदूर आहे तो कोनदुभाजकावरच असतो. मी शिकवताना हा गुणधर्म पक्का झाल्याशिवाय गुणोत्तराच्या प्रमेयाला हात लावत नाही.

तो का खरा आहे ते एकदा आकृतीत बघून घ्या. दुभाजकावर एक बिंदू घ्या आणि तिथून दोन्ही भुजांवर लंब टाका. दोन काटकोन त्रिकोण तयार होतात. दुभाजकाचा तुकडा दोघांत सामाईक, शिरोबिंदूजवळचे कोन समान, आणि दोन्हीकडे एकेक काटकोन. कोकोबा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून लंब समान. उलट दिशेने जाताना लंब समान दिलेले असतात आणि कर्ण सामाईक असतो, म्हणून कर्णभुजा कसोटी लागते. एक सावधगिरी बाळगा. इथे 'अंतर' म्हणजे लंबांतर. दुभाजकावरच्या बिंदूपासून दोन भुजांवर वाटेल तशा दोन तिरक्या रेघा काढल्या तर त्या समान असण्याचं काहीच कारण नाही. सोडवलेली उदाहरणं तपासताना ही चूक मला फार वेळा सापडते.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येऊ. त्रिकोण अबक घ्या. कोन अ चा दुभाजक बाजू बक ला ड मध्ये छेदतो. ड हा बिंदू दुभाजकावर आहे, म्हणजे ड पासून अब वर टाकलेला लंब आणि अक वर टाकलेला लंब सारखेच. आता त्रिकोण अबड आणि त्रिकोण अडक यांची क्षेत्रफळं दोन पद्धतींनी काढू. पहिल्या पद्धतीत पाया अब आणि अक धरा. उंची म्हणजे ड पासूनचे ते दोन लंब, जे समान आहेत. म्हणून क्षेत्रफळांचं गुणोत्तर अब : अक. दुसऱ्या पद्धतीत पाया बड आणि डक धरा. दोन्ही पाये एकाच रेषेवर आहेत आणि शिरोबिंदू अ सामाईक आहे, म्हणून उंची पुन्हा समान. या वेळी क्षेत्रफळांचं गुणोत्तर बड : डक. त्रिकोण तेच, क्षेत्रफळं तीच. म्हणून बड : डक = अब : अक. झालं प्रमेय.

ही सिद्धता मला इतकी आवडते, कारण 'का' हे तिच्यात उघड दिसतं. दुभाजक दोन्ही बाजूंना उंची सारखी देतो, पण बाजूंची लांबी सारखी करणं त्याच्या हातात नसतं. लांब बाजूकडच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ जास्त असणारच, आणि शिरोबिंदू अ कडून उंची एकच असल्यामुळे ते जास्तीचं क्षेत्रफळ पायातच उतरतं. मनाला पटायला आणखी एक गोष्ट: टॉर्चचा झोत भिंतीवर तिरका पडला की झोताचा कोन मधोमध विभागलेला असूनही लांबच्या अर्ध्या भागाचा उजेड भिंतीवर जास्त पसरतो. त्रिकोणातली समोरची बाजू अशीच तिरकी असते. ती तिरकी नसते ते फक्त अब = अक असताना, आणि तेव्हाच ड हा मध्यबिंदू असतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. परीक्षेत कोणती सिद्धता लिहायची हे तुमच्या अभ्यासक्रमात आधी काय सिद्ध झालंय यावर ठरतं. युक्लिडने हे प्रमेय सहाव्या पुस्तकात तिसऱ्या क्रमांकावर ठेवलंय, आणि त्याची सिद्धता समांतर रेषेने जाते: क मधून अड ला समांतर रेषा काढायची, ती वाढवलेल्या बअ ला एका बिंदूत मिळते. संगत कोन आणि व्युत्क्रम कोन यांवरून एक समद्विभुज त्रिकोण मिळतो, मग प्रमाणाचं मूलभूत प्रमेय लावायचं. तुमच्याकडे हीच शिकवली असेल तर परीक्षेत हीच लिहा. क्षेत्रफळाची सिद्धता कुठेही कमी प्रतीची नाही, पण तपासणाऱ्याला अपेक्षित पायऱ्या दिसल्या की गुणांचा प्रश्न येत नाही. समजून घेण्यासाठी मात्र क्षेत्रफळाचीच वापरा.

आता एक त्रिकोण कागदावर नीट काढा, कारण पुढचं सगळं मी त्याच्यावरच दाखवणार आहे. अब = १३ सेंमी, बक = १४ सेंमी, अक = १५ सेंमी. बक आडवी ठेवा. बहुतेक लोक 'कोणताही त्रिकोण' म्हणून नकळत समद्विभुजासारखा त्रिकोण काढतात. त्यात शिरोलंब, दुभाजक आणि मध्यगा एकमेकांवर चढतात आणि डोळा फसतो. आपल्या त्रिकोणात त्या सुट्या दिसतात, आणि आकडेही सोपे निघतात.

दुभाजक कंपासने काढत असाल तर एक सूचना. शिरोबिंदूवर टोक ठेवून मोठी त्रिज्या घ्या, म्हणजे दोन्ही भुजांवरचे छेद लांब पडतील. मग त्या छेदबिंदूंपासून, त्यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त अशी एकच त्रिज्या घेऊन कंस छेदवा. छेदबिंदू शिरोबिंदूच्या अगदी जवळ आला तर पेन्सिलच्या जाडीएवढ्या चुकीनेही रेष खाली पोहोचेपर्यंत चांगलीच सरकते.

अ पासून बक वरचा शिरोलंब १२ सेंमी आहे आणि तो ब पासून ५ सेंमीवर पडतो (५-१२-१३ आणि ९-१२-१५ हे दोन काटकोन त्रिकोण जोडूनच हा त्रिकोण झालाय). म्हणजे क्षेत्रफळ ८४ चौसेंमी. दुभाजकाचा बिंदू ड काढू: १४ चे १३ : १५ या प्रमाणात भाग केले की बड = ६.५ आणि डक = ७.५. मध्यगा अर्थातच ७ वर. आता अंतर्वर्तुळ, म्हणजे तिन्ही बाजूंना आतून टेकणारं वर्तुळ. तिन्ही दुभाजक एका बिंदूत का मिळतात याचं कारणही समदूर असण्यातच आहे. कोन अ आणि कोन ब यांचे दुभाजक जिथे मिळतात तो बिंदू अब-अक पासून समदूर आणि अब-बक पासूनही समदूर, म्हणजे अक-बक पासूनही समदूर, म्हणून तो कोन क च्या दुभाजकावरही असतो. हा अंतर्मध्य म. तिन्ही बाजूंपासूनचं समान अंतर म्हणजे अंतर्वर्तुळाची त्रिज्या. म पासून तिन्ही शिरोबिंदू जोडले की त्रिकोणाचे तीन तुकडे होतात, प्रत्येकाची उंची तीच त्रिज्या. म्हणून त्रिज्या × अर्धपरिमिती = क्षेत्रफळ. अर्धपरिमिती २१, क्षेत्रफळ ८४, म्हणून त्रिज्या ४ सेंमी.

आता सांगा, अंतर्वर्तुळ बक ला कुठे स्पर्श करतं? 'ड मध्ये' असं चटकन म्हणावंसं वाटतं, आणि तिथेच घोळ होतो. म पासून बक वर लंब टाकला तर स्पर्शबिंदू मिळतो, आणि दुभाजक अड हा बक ला लंब नाही. स्पर्शिकाखंड समान असतात यावरून ब पासून स्पर्शबिंदूचं अंतर २१ − १५ = ६ सेंमी. म्हणजे बक वर ब कडून मोजत गेलो तर ५ वर शिरोलंब, ६ वर स्पर्शबिंदू, ६.५ वर दुभाजक, ७ वर मध्यगा. हे या एका त्रिकोणापुरतं नाही. अब ही अक पेक्षा लहान असेल तर ब च्या बाजूने हाच क्रम नेहमी लागतो. (विशालकोन त्रिकोणात शिरोलंबाचा पाया ब च्या पलीकडेही जाऊ शकतो, पण क्रम मोडत नाही.) आकृती काढून झाल्यावर हा क्रम तपासायची सवय लावा. आकृतीतली चूक पहिल्या नजरेत सापडते.

अंतर्मध्य अड चे कोणते भाग करतो? त्रिकोण अबड मध्ये बम हाही कोन ब चा दुभाजकच आहे. म्हणजे तेच प्रमेय पुन्हा लावायचं: अम : मड = अब : बड = १३ : ६.५ = २ : १. तसं बघितलं तर मध्यगासंपातही (तिन्ही मध्यगा मिळतात तो बिंदू) मध्यगेचे २ : १ असेच भाग करतो, पण तो नियम आहे आणि इथे हा योगायोग आहे. दुभाजकाचं गुणोत्तर (अब + अक) : बक असतं, आपल्या त्रिकोणात ते २८ : १४ आलं इतकंच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोणता गुणधर्म कुठे. मी आकृतीत दुभाजक दिसला की स्वतःला विचारतो, 'याच्याबरोबर आणखी काय दिलंय?' समोरच्या बाजूचे तुकडे दिले असतील किंवा मागितले असतील तर गुणोत्तर. लंब, स्पर्शिका, वर्तुळ किंवा क्षेत्रफळ आलं तर समदूर बिंदू. आणि दुभाजकासोबत समांतर रेषा आली तर मी लगेच समद्विभुज त्रिकोण शोधायला लागतो. तो असतोच, कारण व्युत्क्रम कोन दुभाजकाने केलेल्या अर्ध्या कोनाशी समान येतो. आपल्याच त्रिकोणात बघा. म मधून बक ला समांतर रेषा काढा, ती अब ला प मध्ये आणि अक ला फ मध्ये मिळू द्या. कोन पमब हा कोन मबक चा व्युत्क्रम कोन, आणि कोन मबक = कोन पबम. म्हणून पम = पब. तसंच फम = फक. मग त्रिकोण अपफ ची परिमिती किती? अप + पम + मफ + फअ, म्हणजे अप + पब + कफ + फअ, म्हणजे अब + अक = २८ सेंमी. इथे गुणोत्तराच्या प्रमेयाने सुरुवात केली तर उत्तर येतं, पण पानभर आकडेमोड होते.

लंबदुभाजकाबरोबरची गल्लत मात्र थोडी सविस्तर सोडवायला हवी. लंबदुभाजकावरचे बिंदू दोन बिंदूंपासून समदूर असतात, कोनदुभाजकावरचे दोन रेषांपासून. पहिल्यातून परिकेंद्र मिळतं आणि परिवर्तुळ शिरोबिंदूंमधून जातं, दुसऱ्यातून अंतर्मध्य मिळतो आणि अंतर्वर्तुळ बाजूंना टेकतं. उदाहरणात 'बिंदूंपासून' म्हटलंय की 'बाजूंपासून' हे शब्द अधोरेखित करून पुढे जा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

या दोन रेषा एकमेकींना भेटतात ती जागाही माहीत असावी. अब आणि अक समान नसतील तर कोन अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक त्रिकोणाच्या आत कधीच मिळत नाहीत (समान असतील तर त्या एकच रेषा होतात). दुभाजक परिवर्तुळाला पुन्हा जिथे छेदतो त्या बिंदूला य म्हणू. कोन बअय = कोन यअक, समान अंतर्लिखित कोन समान कंस अंतर्खंडित करतात, म्हणून जीवा यब = जीवा यक. म्हणजे य हा बक च्या लंबदुभाजकावर आहे, आणि तो बक च्या पलीकडच्या कंसावर आहे. 'प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो' अशी एक फसवी सिद्धता फिरत असते. तिच्यात हा छेदबिंदू त्रिकोणाच्या आत काढलेला असतो, आणि सगळी चलाखी त्या एका टिंबात असते. आपल्या त्रिकोणात य हा बक च्या खाली ४ सेंमीवर, मध्यबिंदूच्या बरोबर खाली येतो. मग यब² = ७² + ४² = ६५. आता यम मोजा. म हा बक च्या वर ४ सेंमी आणि ब पासून आडवा ६ सेंमीवर, तर य खाली ४ आणि आडवा ७ वर. यम² = १² + ८² = ६५. म्हणजे यब = यक = यम! हेही नेहमी खरं असतं, कारण कोन यबम आणि कोन यमब हे दोन्ही अर्धा कोन अ अधिक अर्धा कोन ब इतकेच भरतात. पहिला मोजताना कोन यबक = कोन यअक वापरा, दुसऱ्यासाठी त्रिकोण अबम चा बाह्यकोन. वर्तुळ आणि अंतर्मध्य एकत्र आलेली कठीण वाटणारी कितीतरी उदाहरणं या एका निष्कर्षाने सुटतात.

बाह्यकोनाच्या दुभाजकाबद्दल फार लिहीत नाही. तो आंतरकोनाच्या दुभाजकाला लंब असतो, आणि वाढवलेल्या बक ला त्याच गुणोत्तरात बाहेरून विभागतो. आपल्या त्रिकोणात तो बिंदू ब च्या पलीकडे ९१ सेंमीवर पडतो, क पासून १०५ सेंमी. ९१ : १०५ म्हणजे १३ : १५ च. वहीत मावणार नाही, म्हणून आकड्यांवर विश्वास ठेवा. अब आणि अक जितक्या जवळजवळ सारख्या, तितका हा बिंदू दूर पळतो, आणि त्या समान झाल्या की बाह्य दुभाजक बक ला समांतरच होतो. म्हणून प्रमेयाचा व्यत्यास वापरताना 'ड हा ब आणि क यांच्या दरम्यान आहे' हे लिहायला विसरू नका. नुसतं बड : डक = अब : अक एवढ्यावर ड कोणता ते ठरत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. उत्तर होय, दोन आंतरकोनांचे दुभाजक (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूपर्यंत मोजलेले) सारख्या लांबीचे असतील तर त्रिकोण समद्विभुज असतो. समान मध्यगा किंवा समान शिरोलंब दिले असतील तर एकरूपतेने काम चटकन होतं. इथे तसं होत नाही, म्हणून तुम्हाला ते जमलं नाही यात नवल नाही. १८४० साली गणितज्ञ लेमस यांनी दुसरे गणितज्ञ स्टुर्म यांना पत्र लिहून याची निव्वळ भौमितिक सिद्धता मागितली होती, आणि ती देणाऱ्या पहिल्या काही जणांत श्टायनर होते. श्टायनर आणि लेमस या दोघांच्या नावानेच हे प्रमेय ओळखलं जातं.

थोडं बीजगणित चालणार असेल तर वाट सोपी आहे. आधी दुभाजकाची लांबी काढू. त्रिकोण अबड आणि त्रिकोण अयक समरूप आहेत: अ जवळचे कोन समान, आणि कोन ब = कोन य, कारण ते एकाच कंसातले. म्हणून अड × अय = अब × अक. छेदणाऱ्या जीवांवरून अड × डय = बड × डक. अय मधून डय वजा केलं की अड उरतो, म्हणून अड² = अब × अक − बड × डक. आपल्या त्रिकोणात १९५ − ४८.७५ = १४६.२५, आणि पायथागोरसने १२² + १.५² = १४६.२५. जुळलं.

आता बड आणि डक च्या जागी गुणोत्तरावरून आलेल्या किमती घाला. कोन अ च्या दुभाजकाचा वर्ग मिळतो: अब × अक × (१ − बक² ÷ (अब + अक)²). कोन ब च्या दुभाजकाचा वर्ग तसाच: अब × बक × (१ − अक² ÷ (अब + बक)²). समजा बक ही अक पेक्षा मोठी आहे. मग पहिल्या राशीतला अब × अक हा दुसऱ्या राशीतल्या अब × बक पेक्षा लहान. शिवाय बक ÷ (अब + अक) हा अपूर्णांक अक ÷ (अब + बक) पेक्षा मोठा, कारण अंश मोठा आणि छेद लहान. म्हणजे पहिल्या राशीतून जास्त वजा होतं, तिचा कंस लहान राहतो. दोन्ही गुणक लहान, म्हणून कोन अ चा दुभाजक कोन ब च्या दुभाजकापेक्षा लहान. थोडक्यात, मोठ्या बाजूसमोरच्या कोनाचा दुभाजक नेहमी लहान असतो. दोन दुभाजक समान हवे असतील तर दोन बाजूंपैकी एकही मोठी असून चालणार नाही, त्या समानच असाव्या लागतात.